ऑर्डर तिप्पट झाल्या, पण स्टोअर वाढतंय का?

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी आहे. काही मिनिटांत किराणा घरपोच देणाऱ्या एका स्टार्टअपने त्यांना नोकरी देऊ केली आहे. पगार सध्याच्यापेक्षा कमी आहे आणि त्याची भरपाई म्हणून ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या भावाने घेण्याचे हक्क, मिळणार आहेत. कंपनीच्या ऑर्डर वर्षभरात तिपटीवर गेल्यात, नुकताच मोठा फंडिंग राउंडही झालाय, म्हणजे गुंतवणूकदारांनी नवा पैसा घातलाय. ही वाढ टिकणारी आहे की गुंतवणूकदारांच्या पैशावर फुगलेली आहे, हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं?

मी या धंद्यात आधी डार्क स्टोअरच्या, म्हणजे ग्राहक आत येत नाहीत अशा फक्त डिलिव्हरीसाठीच्या छोट्या गोदामाच्या, रोजच्या कामकाजात होतो. नंतर गुंतवणुकीआधी कंपनीची जी कसून तपासणी होते, त्या कामात गेलो. दोन्ही बाजू बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय: कंपनीच्या एकूण ऑर्डरचा आकडा हा इथला सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा आहे. हातात पैसा असेल तर ऑर्डर विकत घेता येतात. कूपन द्या, डिलिव्हरी फुकट करा, नव्या शहरात चाळीस स्टोअर उघडा, की आलेख वर जातो. बघायची ती एका स्टोअरची वाढ. ते उघडल्यापासून महिन्यामागून महिना त्याच्या ऑर्डर किती वाढल्या, बास्केट, म्हणजे एका ऑर्डरची सरासरी रक्कम, किती मोठं झालं, आणि रायडरचे पैसे दिल्यावर त्याच्या हातात काय उरलं?

हे हिशेबाने समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आकडे समजुतीसाठी घेतलेत, चलन कुठलंही धरा. समजा सरासरी बास्केट १०० चं आहे. मालावरचं मार्जिन, ग्राहकाकडून घेतलेली फी आणि ब्रँडकडून मिळणारे जाहिरातींचे पैसे मिळून कंपनीला २५ सुटतात. त्यातून रायडरला ९ जातात. माल काढणं आणि पॅकिंग यांत ३ जातात. खराब झालेला माल, पेमेंटचा खर्च आणि रिफंड मिळून आणखी ३. हाती उरले १०. आता स्टोअरचं भाडं, वीज, कोल्ड रूम आणि कायम कर्मचारी यांचा दिवसाचा खर्च १२,००० असेल, तर स्टोअर ना नफा ना तोट्यावर यायला दिवसाला १,२०० ऑर्डर लागतात.

आता बास्केट १०० वरून १३० वर न्या. कमाई साधारण ३२.५ होते. रायडरचे ९ तसेच राहतात, कारण पिशवी थोडी जड झाली म्हणून अंतर वाढत नाही. माल काढायला साडेतीन धरा, नासाडी वगैरे चार धरा. उरतात १६. त्याच स्टोअरला आता १,२०० ऐवजी ७५० ऑर्डर पुरतात. बास्केट फक्त तीस टक्के वाढलं, पण लागणाऱ्या ऑर्डर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. या कंपन्या किराण्यावरून चार्जर, सौंदर्यप्रसाधनं, भांडी, खेळणी यांच्याकडे का वळल्या, याचं कारण या हिशेबात आहे. दूध आणि ब्रेड ग्राहकाला ॲप उघडायची सवय लावतात. स्टोअरचं भाडं मात्र त्यांच्यासोबत पिशवीत पडलेल्या दुसऱ्या वस्तू भागवतात.

हाच हिशेब उलटाही फिरतो. १०० च्या बास्केटवर १० ची सूट दिली की उरणारे १० संपले. मग दिवसाला दोन हजार ऑर्डर आल्या तरी भाडं गुंतवणूकदाराच्या खिशातून जातं. म्हणून ऑर्डर तिप्पट झाल्याचं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, सूट वजा करून बास्केट किती? बऱ्याचदा सांगितला जाणारा विक्रीचा आकडा छापील किमतीवर मोजलेला असतो. ग्राहकाने प्रत्यक्षात दिलेली रक्कम त्याहून बरीच कमी असू शकते.

दुसरी गोष्ट घनतेची, म्हणजे एका स्टोअरच्या आसपास किती घरं नियमित मागवतात याची. लोकांना वाटतं की वेग रायडरच्या गाडीतून येतो. तसं नाही. ऑर्डर पडली की पिकरच्या, म्हणजे रॅकवरून माल काढणाऱ्याच्या, हातातल्या मशीनवर वस्तूंची यादी येते, प्रत्येकीपुढे रॅक आणि खणाचा नंबर असतो. सगळ्यात जास्त खपणाऱ्या वस्तू पॅकिंगच्या टेबलाजवळ ठेवतात, थंड माल शेवटी घेतात, दिसायला सारख्या वस्तू मुद्दाम लांबलांबच्या खणांत ठेवतात, म्हणजे चुकीचं पाकीट उचललं जात नाही. मांडणी नीट असेल तर पिशवी दोनेक मिनिटांत तयार होते. पुढचा वेळ अंतर कमी ठेवून वाचवायचा असतो. रायडर कामाच्या तासात दोन ऐवजी चार ऑर्डर पोहोचवू शकला, तर दर ऑर्डरमागचा त्याचा खर्च अर्धा होतो. त्यासाठी तो पिशवीची वाट बघत उभा राहता कामा नये आणि परत आल्यावर पुढची ऑर्डर तयार हवी. दोन्ही गोष्टी जवळपास पुरेशी मागणी असल्याशिवाय जमत नाहीत.

वेग वाढवायचा म्हणून स्टोअरचा परिसर लहान केला, तरी त्याची किंमत मोजावी लागते. त्रिज्या अर्धी केली की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणजे तेवढंच शहर व्यापायला चौपट स्टोअर लागतात. शिवाय जुन्या स्टोअरच्या शेजारी नवं उघडलं की सुरुवातीला ते जुन्याच्याच ऑर्डर ओढून घेतं. कागदावर एक स्टोअर वाढलेलं दिसतं आणि प्रत्यक्षात दोन अर्धी स्टोअर तयार झालेली असतात. अंतर कमी झाल्यामुळे ग्राहक जास्त वेळा मागवू लागले, तर वर्षभरात दोन्ही भरतात. नाही मागवले, तर दोन भाडी गळ्यात पडतात.

संध्याकाळच्या गर्दीत जोराचा पाऊस आला की हे सगळं एकदम उघडं पडतं. ऑर्डर वाढतात आणि रस्त्यावरचे रायडर नेमके त्याच वेळी कमी होतात. पॅक झालेल्या पिशव्या टेबलावर साचतात, आइस्क्रीमची ऑर्डर रद्द करावी लागते, पिकर रिकामे आणि रायडर दमलेले असतात. चांगलं चाललेलं स्टोअर अशा वेळी परिसर लहान करतं, वेळ वाढवून दाखवतं, रायडरला जादा पैसे देतं. वाईट चाललेलं स्टोअर वेळेचं वचन तसंच ठेवतं आणि धोका रायडरवर ढकलतं. मला दुसऱ्या प्रकारच्या कंपनीत पैसा गेलेला आवडत नाही. माणसाचा जीव धोक्यात घालून वाचवलेली मिनिटं कुठल्याही ग्राहकाला हवी नसतात, आणि असा धंदा एक दिवस कायद्याच्या कचाट्यातही सापडतो.

आता इतिहासाकडे येतो, कारण घनता आणि बास्केट या दोन गोष्टींनीच मोठमोठ्या कंपन्या बुडवल्या. वेबव्हॅन ही अमेरिकेतली ऑनलाइन किराणा कंपनी नोव्हेंबर १९९९ मध्ये शेअर बाजारात आली. मागणी सिद्ध होण्याआधीच तिने प्रचंड स्वयंचलित गोदामांचा आराखडा ठरवला आणि बेक्टेल या बांधकाम कंपनीशी सुमारे १ अब्ज डॉलरचा करार केला. गोदामं भरतील इतक्या ऑर्डर कधी आल्याच नाहीत. जुलै २००१ मध्ये कंपनी बंद पडली. कोझ्मोचं दुखणं वेगळं होतं. न्यूयॉर्कमध्ये १९९८ साली सुरू झालेली ही कंपनी तासाभरात सामान पोहोचवायची, सुरुवातीला डिलिव्हरी फी नाही आणि किमान ऑर्डरची अटही नाही. एखादं चॉकलेट पोहोचवायलाही माणूस धावायचा. एप्रिल २००१ मध्ये तीही संपली. एकीला घनता मिळाली नाही, दुसरीला बास्केट.

वीस वर्षांनी पैसा पुन्हा या धंद्यात ओतला गेला. कोविडच्या साथीत लोक घरात होते, व्याजदर शून्याजवळ होते, आणि मोठ्या फंडांना वेगाने वाढणारी कंपनी हवी होती. इस्तंबूलची गेटीर २०१५ पासून काम करत होती. बर्लिनची गोरिलाज २०२० मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्ये, पहिलं वर्ष पुरं होण्याआधीच, तिचं मूल्यांकन १ अब्ज डॉलरच्या वर गेलं. मार्च २०२२ मध्ये गेटीरने ७६.८ कोटी डॉलर उभे केले आणि मूल्यांकन ११.८ अब्ज डॉलरच्या आसपास पोहोचलं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर वाढवायला सुरुवात केली. पैसा महाग झाल्यावर दूरच्या नफ्याची आजची किंमत घसरते, आणि या कंपन्यांचा सगळा नफा दूरचाच होता. डिसेंबर २०२२ मध्ये गेटीरने गोरिलाज विकत घेतली. एप्रिल २०२४ मध्ये गेटीर ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिका सोडून पुन्हा तुर्कस्तानपुरती राहिली.

पैसा आटला म्हणून त्या बुडाल्या असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अर्धंच पटतं. पैसा आटल्यावर आधीचा हिशेब दिसू लागला, इतकंच. युरोपच्या महागड्या शहरांत रायडरचा तासाचा पगार बास्केटच्या मानाने मोठा पडतो, आणि तासाला दोन ऑर्डर जात असतील तर मालावरचं मार्जिन त्याला पुरत नाही. वर प्रत्येक शहरात तीनचार प्रतिस्पर्धी एकाच गल्लीत स्टोअर उघडून तीच मागणी वाटून घेत होते. सगळ्यांकडे पैसा असला की कोणालाच घनता मिळत नाही. एखाद्या क्षेत्रात एकाच वर्षी पाच कंपन्यांचे मोठे राउंड झाले तर मी त्याला चांगली खूण मानत नाही, ती याच कारणाने.

पैसा कुठून आला हेही बघावं. न्यूयॉर्कमधल्या बाइक (Buyk) या झटपट किराणा पोहोचवणाऱ्या कंपनीचे पाठीराखे रशियन होते. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर तिकडून येणारा पैसा थांबला आणि मार्च २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. आज तोट्यात असलेलं स्टोअर उद्या चालेलही, पण उद्यापर्यंतचं भाडं कोणाच्या शब्दावर अवलंबून आहे ते माहीत असायला हवं.

मग तिप्पट ऑर्डर खऱ्या की फुगवलेल्या? तपासणीत मी सगळ्यात आधी एकच तक्ता मागतो. प्रत्येक ओळीत एक स्टोअर. रकान्यांत कॅलेंडरचे महिने नकोत, स्टोअर उघडल्यापासूनचा पहिला महिना, दुसरा, तिसरा असं हवं. प्रत्येक चौकटीत रोजच्या सरासरी ऑर्डर, सूट वजा जाता बास्केट, आणि रायडर, पॅकिंग, नासाडी वजा जाता उरलेले पैसे. मग एकाच तिमाहीत उघडलेल्या स्टोअरचे गट करायचे. बहुतेक कंपन्या सगळ्यात चांगले भाग आधी धरतात, त्यामुळे पहिला गट देखणा असतोच. तो बघून भाळू नये. समजा पहिल्या गटातली स्टोअर आठव्या महिन्यात १,००० ऑर्डरवर पोहोचली आणि वर्षभराने उघडलेली आठव्या महिन्यात ७०० वरच अडकलीत. कंपनीच्या एकूण ऑर्डर तरीही वेगाने वाढताना दिसतील, कारण स्टोअरची संख्या वाढतेय. पण पुढे जाणारा प्रत्येक पैसा मागच्या पैशापेक्षा कमी कमावतोय. या तक्त्यात ते दिसतं, राउंडच्या घोषणेत दिसत नाही.

सरासरीही फसवते, आणि ती दोन्ही बाजूंनी फसवते, म्हणून इथे थोडा थांबतो. एखादी कंपनी खूप नवी स्टोअर उघडते तेव्हा एकूण तोटा वाढतो, जरी जुनं प्रत्येक स्टोअर सुधारत असलं तरी. उलट, स्टोअर उघडणं थांबवलं की काही न करता सरासरी सुधारते, कारण तोट्यातली नवी स्टोअर येणंच बंद होतं. त्यामुळे ‘आम्ही नफ्यात आलो’ ऐकून खूश होऊ नका आणि ‘तोटा वाढला’ ऐकून घाबरू नका. ब्लिंकिटचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. मार्च २०२४ मध्ये ती, तिच्या स्वतःच्या समायोजित मोजमापाने, ना नफा ना तोट्यावर आली. तेव्हा तिची ५२६ स्टोअर होती. वर्षभरात ती १,३०१ झाली आणि तोटा पुन्हा वाढला. हा तोटा नव्या स्टोअरचा किती, जुन्यांची कमाई टिकली का, स्पर्धेपायी दिलेल्या सवलतीचा त्यात वाटा किती, हे वेगळं काढल्याशिवाय त्या आकड्याला चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही. २०२२ मध्ये झोमॅटोने ही कंपनी सुमारे ४,४४७ कोटी रुपयांना घेण्याचं ठरवलं तेव्हा बऱ्याच जणांना तो सौदा महाग वाटला होता. पुढे जून २०२५ च्या तिमाहीत ब्लिंकिटची निव्वळ ऑर्डर किंमत, म्हणजे सूट वजा जाता ऑर्डरची एकूण रक्कम, झोमॅटोच्या मूळ खाद्यपदार्थ डिलिव्हरीच्या धंद्यापेक्षा जास्त झाली. म्हणजे हा धंदा चालूच शकत नाही, हेही खरं नाही. दाट वस्ती, बास्केटच्या मानाने परवडणारा डिलिव्हरीचा खर्च आणि मोठं होत जाणारं बास्केट एकत्र आलं तर तो चालतो.

ग्राहकांचाही असाच तक्ता असतो. कूपनवर आलेल्यांपैकी किती जण चौथ्या महिन्यात कूपनशिवाय मागवतात, आणि महिन्यातून किती वेळा, एवढं त्यात पुरेसं आहे.

एक कोपरा मात्र फार कमी जण बघतात: पुरवठादारांची उधारी. माल चार दिवसांत विकला जातो आणि त्याचे पैसे पुरवठादाराला तीस दिवसांनी द्यायचे असतात. मधले सव्वीस दिवस ते पैसे कंपनीच्या खात्यात असतात. माल कंपनीच्या स्वतःच्या नावावर असेल तर विक्री जितकी वाढते तितका हा साठा वाढतो, आणि तोट्यातली कंपनीही रोखीत बरी दिसते. पण वाढ थांबली की मागच्या मोठ्या महिन्यांची देणी पुढे येतात, विक्रीचे पैसे तेवढे येत नाहीत, आणि बँकेतली शिल्लक महिन्याच्या तोट्यापेक्षा कितीतरी वेगाने आटते. पुरवठादारांचे पैसे लांबू लागले की शेल्फ रिकामी व्हायला लागतात आणि ॲपवर ‘उपलब्ध नाही’ दिसू लागतं. ग्राहकाला वाटतं की हा तांत्रिक गोंधळ आहे. मला ती उधारी थकल्याची शंका येते.

नियमांचं ओझंही हिशेबात धरा. २०२२ च्या सुरुवातीला ॲमस्टरडॅमने नवी डार्क स्टोअर उघडण्यावर बंदी घातली. रहिवासी भागात गोदाम नको, ही तक्रार कुठल्याही शहरात उठू शकते, आणि या धंद्याला स्टोअर वस्तीतच लागतं. रायडरच्या हक्कांबाबत युरोपीय संघाने २०२४ मध्ये प्लॅटफॉर्म कामगारांसाठीचा निर्देश मंजूर केला आणि सदस्य देशांना तो डिसेंबर २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात आणायचा आहे. रायडरला विमा, किमान कमाई आणि सुट्टी द्यायला लागल्यावर वरच्या हिशेबातले ९ जर ११ झाले, तर कंपनी टिकेल का? हा प्रश्न मी प्रत्येक संस्थापकाला विचारतो. माझ्या मते ते ११ द्यायलाच हवेत. न देण्यावरच नफा उभा असेल, तर तो रायडरचा पैसा आहे.

आता तुमच्या ईसॉपकडे येऊ. मूल्यांकन म्हणजे शेवटच्या गुंतवणूकदाराने दिलेला भाव, आणि त्याच्या शेअरला तुमच्या शेअरला नसलेले हक्क असतात. समजा कंपनीचं मूल्यांकन २०० आहे, गुंतवणूकदारांनी एकूण ६० घातलेत आणि त्यांच्याकडे ५५ टक्के हिस्सा आहे. तुमच्याकडे १ टक्का आहे, म्हणजे कागदावर २. उद्या कंपनी ७० ला विकली गेली. तुम्हाला वाटेल, आपले ०.७ तरी मिळतील. पण गुंतवणूकदारांना आपली रक्कम आधी काढून घेण्याचा हक्क असेल तर ६० ते घेतात. उरलेले १० बाकीच्या ४५ टक्क्यांत वाटले जातात आणि तुमच्या हाती साधारण ०.२२ येतात. मोठ्या राउंडची बातमी म्हणूनच तुमच्यासाठी निखळ आनंदाची नसते. जितका पैसा वर चढला, तितका तुमचा नंबर मागे गेला. कंपनी शेअर बाजारात आली तर सहसा हे प्राधान्य संपतं, पण भाव तेव्हा काय मिळेल हा प्रश्न उरतो. इन्स्टाकार्टचं मूल्यांकन २०२१ मध्ये ३९ अब्ज डॉलर होतं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती बाजारात आली ती १० अब्जांच्या आसपास.

मी तुमच्या जागी असतो तर कंपनीला स्टोअरच्या गटांचा तो तक्ता मागितला असता, नावं झाकून दिला तरी चालेल. सूट वजा जाता बास्केट, आणि आजच्या खर्चाने बँकेतले पैसे किती महिने पुरतील हे विचारलं असतं. गुंतवणूकदारांचं प्राधान्य एकूण किती रकमेचं आहे तेही. चांगल्या कंपनीला या प्रश्नांचा राग येत नाही, तिथले लोक रोज तेच आकडे बघत असतात. काहीच दाखवायला तयार नसतील तर ईसॉपची किंमत शून्य धरा, त्या शून्यावर पगाराची बोलणी करा, आणि तेवढ्या पगारात काम आवडणार असेल तरच जा. जायचं ठरलं तर पत्रातलं एक कलम सही करण्याआधी वाचा: नोकरी सोडल्यावर मिळालेले ऑप्शन, म्हणजे ईसॉपमधले ते हक्क, वापरून शेअर विकत घ्यायला किती मुदत आहे. अनेक ठिकाणी ती ९० दिवसांची असते, आणि तेवढ्यात शेअरचे पैसे, आणि नियम तसे असतील तर करही, स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. शेअर मात्र तेव्हा कुठे विकता येत नसतो. ही मुदत काही वर्षांची करून मागा. नोकरी पत्करण्याआधी मागितलं तर कंपन्या बऱ्याचदा देतात, नंतर सहसा देत नाहीत.